सासऱ्यांनी आणलेली जपानी चित्रं : किंमत कशी काढायची, विकायची कुठे?

प्रश्न : माझे सासरे १९७१ ते १९७३ या काळात कंपनीच्या कामासाठी नागोयाला होते. येताना त्यांनी सतरा जपानी चित्रं आणली. त्यांतलं ताजमहालाचं चित्र हॉलमध्ये फ्रेम करून लावलेलं आहे, बाकीची कपाटात पुठ्ठ्याच्या फोल्डरमध्ये आहेत. मोठी लाट आणि मागे फुजी पर्वत, पावसातला लाकडी पूल, बर्फातलं लाल देऊळ, नटांची तीन जुनाट चित्रं आणि दहा लहान फुला-पाखरांची. सासरे गेल्या वर्षी गेले. आमची कोथरूडची सोसायटी पुनर्विकासाला जातेय, दिवाळीआधी घर रिकामं करायचंय. एका ओळखीच्या फ्रेमवाल्यांनी सगळ्यांचे मिळून ४० हजार देऊ केलेत. पुतण्या म्हणतो, लाटेचं चित्र कोट्यवधींना जातं. अमेरिकेतले दीर म्हणतात, सगळी माझ्याकडे पाठव, मी इथे लिलावात देतो. खरी किंमत कोण सांगेल आणि घेणार कोण? ता. क. ताजमहालाच्या चित्राखाली उजवीकडे पेन्सिलने इंग्रजी सही आहे आणि डावीकडे वर दोन जपानी अक्षरांचा शिक्का.

उत्तर : ताई, तुमच्या पत्रातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट ताज्या कलमात आली आहे. त्या एका ओळीसाठी तरी फ्रेमवाल्यांना आजच नको म्हणून कळवा.

हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) या जपानी चित्रकाराने १९३०-३१ मध्ये आपला मुलगा तोशी याला बरोबर घेऊन भारताचा प्रवास केला. ताजमहाल, उदयपूर, अमृतसरचं सुवर्णमंदिर, कांचनजंगा, आपल्याकडची अजिंठा आणि वेरूळची लेणी, एवढं सगळं त्याने पाहिलं आणि परत जाऊन लाकडी ठशांवरून त्यांची मुद्राचित्रं छापली. ताजमहाल तर त्याने वेगवेगळ्या वेळांचा केला, सकाळच्या धुक्यातला आणि रात्रीचाही. स्वतःच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींवर तो समासात डावीकडे वर ‘जिझुरी’ हा दोन अक्षरांचा शिक्का मारत असे आणि खाली उजवीकडे पेन्सिलने इंग्रजीत सही करत असे. त्याच्या मृत्यूनंतर घराण्याने त्याच ठशांवरून काढलेल्या प्रतींवर पेन्सिलची सही नसते, छापलेली असते, आणि जिझुरीही सहसा नसतो. म्हणून तुमच्याकडची सही खरंच पेन्सिलची आहे का, हे आधी पाहायचं. भिंगातून पेन्सिलची रेघ शिशासारखी चमकते आणि कागदाच्या उंचसखल भागांवर तुटत जाते. छापलेली रेघ सपाट आणि एकसारखी काळी दिसते.

हे सगळं जुळलं तर हातात अस्सल प्रत आहे. अशी चांगल्या स्थितीतली प्रत परदेशी लिलावांत हजार डॉलरच्या वर जाते. म्हणजे सतरा चित्रांचे मिळून देऊ केलेले पैसे या एकट्या चित्राने ओलांडले. अडचण एकच : ते चित्र इतकी वर्षं हॉलमध्ये उजेडात आहे. फ्रेमच्या कडेखाली झाकलेली पट्टी आणि उघडा भाग यांच्या रंगात फरक दिसतो का ते बघा. निळा आणि जांभळा फिका पडला असेल तर किंमत बरीच उतरते, आणि गेलेला रंग कोणत्याही उपायाने परत आणता येत नाही. आज संध्याकाळीच ते भिंतीवरून उतरवा आणि कपाटात उभं ठेवा. फ्रेम मात्र स्वतः उघडू नका. मागे पुठ्ठ्याला डिंकाने चिकटवलेलं असेल तर ओढताना कागद फाटेल.

आता पुतण्याच्या लाटेकडे. होकुसाई या जपानी चित्रकाराची ती लाट साधारण १८३१ ची. २०२३ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या लिलावगृहात, ख्रिस्तीज्‌मध्ये तिची एक प्रत सुमारे २७.६ लाख डॉलरना गेली, म्हणजे पुतण्याचं ऐकणं खोटं नाही. पण ही चित्रं मुळात एकेकटी काढलेली नव्हेत, ठशांवरून छापलेली आहेत. लोकप्रिय चित्राचे ठसे झिजेपर्यंत छपाई चाले, पुढे नव्याने ठसे कोरून पुन्हा छापत, आणि विसाव्या शतकात ऑफसेटवर कॅलेंडरं आणि पोस्टरं निघाली ती वेगळीच. चित्र तेच, नाव तेच, सहीसुद्धा तीच, कारण सही ठशातच कोरलेली असते. किंमत ठरते ती तुमच्या हातातला कागद कधी, कोणत्या ठशावरून आणि कोणी छापला यावर. १९७२ साली जपानमधल्या दुकानातून नोकरदार माणसाने घेतलेली लाट बहुतेक नव्या ठशांवरची चांगली प्रतिकृती असते. तशीच असेल असं धरून चाला, पण तपासल्याशिवाय टाकून देऊ नका.

तपासणी घरीच करता येते. सराफांकडे असतं तसं दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. स्वच्छ, कोरड्या हातांनी चित्र टेबलावर पांढऱ्या कागदावर ठेवा. भिंगातून वर्तमानपत्रातल्या फोटोसारखे बारीक ठिपके दिसले तर ते यंत्रावर छापलेलं, तिथेच विषय संपला. ठिपके नसतील आणि सलग रंग कागदात मुरलेला दिसला, तर चित्र हळूच उलटं करा. हाताच्या छपाईत रंग कागदातून मागे झिरपतो, आणि छापणारा बारेन नावाच्या गोल गादीने कागद घासतो, त्याच्या गोलाकार खुणा मागे राहतात. मग खोली अंधारी करून मोबाईलचा टॉर्च कागदाच्या पातळीत, अगदी बाजूने धरा. रेषांच्या जागी कागद दबलेला दिसेल. काही चित्रांत पांढऱ्या भागावर रंग न लावता नुसता ठसा दाबून नक्षी उमटवलेली असते, ती समोरून कधीच दिसत नाही, या तिरक्या उजेडात एकदम वर येते. ठशाच्या लाकडाच्या सुतासारख्या बारीक रेषा आकाशाच्या किंवा पाण्याच्या रंगात दिसल्या, तर तेही हातछपाईचंच लक्षण.

एवढ्याने हाताने छापलेलं आहे हे कळतं, जुनं आहे हे नाही. त्यासाठी आधी माप घ्या. लाटेची मूळ छपाई ओबान आकारात, म्हणजे सुमारे २५ बाय ३८ सेंटिमीटर. तुमचं चित्र यापेक्षा बरंच मोठं किंवा लहान असेल तर ती प्रतिकृतीच. माप जुळलं तर वर डावीकडे शीर्षकाची उभी चौकट आहे, तिच्या डाव्या रेषेकडे बघा. मूळ ठशाच्या नंतरच्या छपाईत तिथे झिजून तुटलेल्या जागा दिसतात, नव्याने कोरलेल्या ठशावर ही रेष बहुधा अखंड असते. कागदही बघा : शुभ्र, कोरा करकरीत, कडा एकदम सरळ, असा असेल तर वय कमी.

पावसातला पूल हिरोशिगे या चित्रकाराच्या १८५७ च्या प्रसिद्ध चित्राचा असावा, आणि त्यालाही हेच सगळं लागू. बर्फातलं लाल देऊळ मात्र मला जास्त खुणावतंय. ते छत्री घेतलेल्या बाईचं, टोकियोच्या झोजोजी देवळाचं असेल तर चित्रकार कावासे हासुई (१८८३–१९५७) आणि चित्र १९२५ चं. त्याचे प्रकाशक वातानाबे शोझाबुरो. त्यांच्याकडचे आधीचे ठसे आणि चित्रांचा साठा १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपात आणि आगीत गेला, त्यामुळे हासुईच्या त्याआधीच्या प्रती दुर्मीळ झाल्या. पुढच्या चित्रांच्या प्रती मात्र त्याच प्रकाशन संस्थेने हासुईच्या मृत्यूनंतरही छापल्या. समासातल्या किंवा चित्राच्या कोपऱ्यातल्या प्रकाशकाच्या शिक्क्याचं माप आणि मजकूर यांवरून जाणकार प्रत कोणत्या काळातली ते सांगतात. तुमच्या सासऱ्यांनी ती नवी घेतली असेल तर मृत्यूनंतरची असण्याची शक्यता मोठी, पण तिलाही मागणी आहे. म्हणून समास कापायचे नाहीत. नव्या फ्रेमसाठी ‘जरा कडा काढून घेतो’ असं कोणी म्हटलं तर त्याला हात लावू देऊ नका, कारण अर्धा पुरावा समासातच असतो.

नटांची तीन चित्रं बहुधा या गठ्ठ्यात वयाने सगळ्यांत जुनी. कुनिसादासारख्या चित्रकारांनी काबुकी या जपानी नाट्यप्रकारातल्या नटांची चित्रं अफाट संख्येने काढली, त्यामुळे ती आजही बाजारात मुबलक आहेत. त्यांच्यावर सहीजवळ छोटे गोल किंवा लांबट शिक्के असतील. ते त्या काळच्या सरकारी तपासनिसांचे. १७९० पासून १८७० च्या दशकापर्यंत या शिक्क्यांची पद्धत वेळोवेळी बदलत गेली, म्हणून त्यांवरून छपाईचा काळ बऱ्याचदा काही वर्षांपर्यंत अचूक सांगता येतो. पण तीन पानं मिळून एक दृश्य असेल आणि त्यातलं एखादं पान नसेल, कसरीने भोकं पाडली असतील, मागे जाड कागद चिकटवला असेल, तर प्रत्येकी थोडक्याच पैशांची गोष्ट राहते. जुनं म्हणजे महाग, हा हिशेब या बाजारात चालत नाही. तुमच्या घरात १९३१ चा ताजमहाल १८५० च्या नटांपेक्षा कितीतरी जड ठरू शकतो. एकगठ्ठा विकणं म्हणजे बासमती आणि कणी एकाच पोत्यात घालून कणीच्या भावाने देणं.

आता वाचून कोण देणार? इथे पुण्यात असल्याचा तुम्हाला मोठा फायदा आहे. जपानी शिकणारी आणि शिकवणारी इतकी माणसं फार थोड्या भारतीय शहरांत सापडतील. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा टिळक महाराष्ट्र विद्यापीठाच्या जपानी विभागात चौकशी केलीत तर वरच्या वर्गातलं कोणी समासातली अक्षरं वाचून देईल. त्यांना मुख्यतः सन विचारा; जपानी सन सम्राटाच्या कारकिर्दीवरून मोजतात. मेइजी १ म्हणजे १८६८, ताईशो १ म्हणजे १९१२, शोवा १ म्हणजे १९२६. योशिदाच्या ताजमहालावर डाव्या समासात शोवा ६ असेल तर ते १९३१. नटांच्या चित्रांवरचं जुनं वळणदार लेखन आजच्या जपानी माणसालाही सहज वाचता येत नाही, तेव्हा तिथे विद्यार्थी अडला तर त्याला दोष देऊ नका.

त्याबरोबरच प्रत्येक चित्राचे फोटो काढा : पूर्ण पुढची बाजू समासांसकट, पूर्ण मागची बाजू, प्रत्येक सही-शिक्का जवळून, प्रत्येक डाग, घडी आणि भोक. बाजूला मोजपट्टी ठेवा. काच असेल तर तिरकं उभं राहून काढा म्हणजे चमक येणार नाही. मग उकियो-ए डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर फोटो चढवा. जॉन रेसिग यांनी उभारलेल्या या संग्रहात जगभरच्या संग्रहालयांतली आणि विक्रेत्यांकडची चित्रं एकत्र आहेत आणि फोटोवरून जुळणारं चित्र शोधता येतं. एकाच चित्राच्या पाच-सहा प्रती शेजारी ठेवून बघा. ढगाची छटा, रेषेतला तुटलेपणा, शिक्क्याची जागा यांतला फरक तुमच्याच डोळ्यांना दिसायला लागेल, आणि त्यानंतर कोणी काही सांगून तुम्हाला फसवणं अवघड.

पैशातली किंमत मात्र पुण्यात काढून मिळेल या आशेवर वेळ घालवू नका. इथले मूल्यांकनकार जागा आणि दागिन्यांत पारंगत आहेत, या चित्रांत नाहीत. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेला जपानी वस्तूंचा संग्रह आहे, तो जरूर बघा, पण संग्रहालयं खासगी वस्तूंची बाजारभावाने किंमत सांगत नसतात. ख्रिस्तीज्‌, सदबीज्‌, बॉनम्स यांच्यासारख्या मोठ्या लिलावगृहांत जपानी कलेचे जाणकार असतात आणि फोटोवरून ते लिलावाचा अंदाज विनामूल्य देतात. ताजमहाल, देऊळ, लाट, पूल आणि नट एवढ्यांचे फोटो किमान दोन ठिकाणी पाठवा. ‘आमच्या लिलावात बसत नाही’ असं उत्तर आलं तर तेही एक उत्तरच आहे. अंदाज आला की त्यातून विक्रेत्याचं कमिशन, विमा, पाठवणी वजा होणार, हे धरून हातात काय पडेल ते काढा. पैसे देऊन लेखी मूल्यांकन करून घेणार असाल तर दोन पथ्यं पाळा : जो किंमत सांगेल त्याला ते चित्र विकायचं नाही, आणि किमतीवर टक्केवारीने फी घेणाऱ्याकडे जायचं नाही.

आणि आता दीरांचं म्हणणं. कृपा करून कुरियर करू नका, आणि त्यांनी येऊन बॅगेत घालून नेणंही नको. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलाकृती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. त्या व्याख्येत वस्तू भारतातच बनलेली असावी अशी अट नाही. म्हणजे नटांची चित्रं १८५० च्या आसपासची निघाली तर ती जपानी असली, सासऱ्यांनी स्वतःच्या पगारातून घेतलेली असली, तरी आता इथेच राहायला हवीत. मोडलं तर शिक्षा किमान सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. शंभर वर्षांच्या आतली वस्तू नेता येते, पण कस्टमला ते पटवायचं तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. पुण्यासाठी मुंबई मंडळाचं, सायनच्या किल्ल्यावरचं कार्यालय गाठा. देवळाच्या चित्रावर ताईशो १४ वाचलं गेलं तर अधिकारी ते १९२५ चं समजतील, छपाई नंतरची असली तरी. तिथे प्रकाशकाच्या शिक्क्याचा पुरावा आणि लिलावगृहाने लिहून दिलेला अभिप्राय कामी येईल, म्हणून आधी अभिप्राय, मग दाखला, आणि मगच पाठवणी, असा क्रम ठेवा. योशिदाचा ताजमहाल अजून शंभरीच्या आत आहे, पण फार वर्षं नाही. परदेशातच विकायचा ठरला तर चालढकल करून चालणार नाही.

खरं सांगायचं तर ताजमहालासाठी मी आधी भारतातच गिऱ्हाईक बघेन. जपानी चित्रांचे संग्राहक इथे मोजके, पण परदेशी कलाकारांनी केलेली भारताची चित्रं जमवणारे बरेच आहेत, आणि योशिदा त्यांना ठाऊक असतो. मुंबईतली सॅफ्रनआर्ट, पंडोल्स, अस्तागुरू ही लिलावगृहं मुख्यतः भारतीय कलेची. तिथे विचारताना ‘जपानी प्रिंट’ असं मोघम न लिहिता ‘हिरोशी योशिदा, ताजमहाल, १९३१, जिझुरी शिक्का, पेन्सिल सही’ असं सविस्तर लिहा. नटांच्या चित्रांसाठीही पुरावस्तू विक्रीचा परवाना असलेल्या भारतीय विक्रेत्याकडेच जायचं, आणि घेणाऱ्याला ती देशाबाहेर नेता येणार नाहीत हे लिहूनच विकायचं. लाट आणि पूल प्रतिकृती निघाल्या तर घर सजवणारे इंटिरियर डिझायनर, जपानी शिकणारे तरुण, जपानी कंपन्यांतली मंडळी यांच्यात प्रत्येकी काही हजारांना त्या आनंदाने जातील. फक्त प्रतिकृती आहे हे पावतीवर स्वच्छ लिहा. लहान दहा फुला-पाखरांच्या चित्रांसाठी एवढी धावपळ नको, घरातल्या मुलांना वाटून टाका.

विक्री लांबली तरी चालेल, चित्रं टिकली पाहिजेत. पुण्याचा पावसाळा कागदाला वाईट. तपकिरी ठिपके पडतात, कसर लागते. प्रत्येक चित्र आम्लरहित कागदात वेगळं ठेवून सपाट पेटीत आडवं ठेवा. लॅमिनेशन, सेलोटेप, फेव्हिकॉल, डाग पुसायला ओलं फडकं, यांतलं काहीही नको. ताजमहाल फ्रेममधून सोडवायचा असेल तर कागदाचं संवर्धन करणाऱ्याकडेच द्या. मुंबईच्या त्याच वस्तुसंग्रहालयाचं संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारता येईल. आणि घर हलवताना ही पेटी पॅकर्सच्या ट्रकमध्ये चढवू नका, स्वतःच्या गाडीतून न्या.

राहिला घरातला भाग. सगळी धावपळ तुम्ही करताय, पण मृत्युपत्र नसेल तर कायद्याने वारस सासूबाई, तुमचे यजमान, दीर आणि नणंद, चौघं सारखेच. फोटोंसकट एक यादी करा, लिलावगृहांचे अंदाज त्यात भरा आणि चौघांच्या सह्या घ्या : कोणतं विकायचं, कोणतं कोणी ठेवायचं, पैसे कसे वाटायचे. ती यादी करण्याआधी सासूबाईंना एकटीला बसवून विचारा, यांतलं कुठलं त्यांना हवंय. दोन वर्षं नवरा नागोयाला असताना घर त्यांनी चालवलं आहे, पहिली निवड त्यांची.

करासाठी चित्रं घरगुती वापराच्या वस्तूंत धरत नाहीत, त्यामुळे नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागतो. दीर्घ मुदतीचा दर सध्या १२.५ टक्के आहे. सासऱ्यांची खरेदी २००१ च्या आधीची, म्हणून मूळ किमतीऐवजी १ एप्रिल २००१ ची वाजवी किंमत धरता येते. तेव्हा लेखी मूल्यांकन करून घेताना आजच्या किमतीबरोबर त्या तारखेचीही किंमत मागून घ्या आणि दोन्ही कागद विक्रीच्या आधी तुमच्या सीएंना दाखवा.